ट्रक नवा आहे, पण प्रश्न ट्रकचा नाही

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, माझं काही चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या विद्यापीठात एमएस करताय, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहात आणि आठवड्याचे काही तास फुटबॉल संघातल्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवता. त्यातला एक मुलगा ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या बसने यायचा. ऑक्टोबरमध्ये तो नव्याकोऱ्या पिकअप ट्रकमधून उतरायला लागला. गेल्या आठवड्यात अभ्यासिकेच्या दाराबाहेर पन्नाशीच्या एका गृहस्थांनी त्याच्या हातात पाकीट ठेवलेलं तुम्ही पाहिलं. हा गैरव्यवहार आहे का, असेल तर सांगावं की गप्प बसावं, आणि सांगितलं तर आपल्या नोकरीचं नि व्हिसाचं काय, हे तुमचे प्रश्न.

मी एकोणीस वर्षं अशाच एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कम्प्लायन्सचं काम केलं. खेळाडू, प्रशिक्षक आणि देणगीदार नियमात राहतात की नाही हे बघायचं, राहिले नाहीत तर वर कळवायचं. मूळचा मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की मला शाहू स्टेडियम आणि पेठापेठांच्या तालमींची चुरस आठवायची. इथला फुटबॉल बहुतेक वेळ हातात धरून पळतात हे पचायला मला एक अख्खा हंगाम लागला. पैशाचा माग काढणं मात्र अंगवळणी पडलेलं होतं, कारण त्याआधी पुण्यात पतसंस्थांची ऑडिटं केली होती.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. मुलाकडे पैसा आला, ही एक. तो पैसा नियमबाह्य आहे, ही दुसरी. २०२१ पूर्वी या दोन्हींचा अर्थ जवळपास एकच होता. आता तसं राहिलेलं नाही, आणि तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. तुम्ही बहुधा जुन्या बातम्या वाचून आजच्या मुलाकडे बघताय.

जुनी व्यवस्था समजून घ्यायला आपल्याकडच्या कुस्तीचं उदाहरण बरं पडेल. गावातल्या एखाद्या सधन माणसाने पैलवानाला महिन्याचा खुराक बांधून दिला तर लोक त्याचं नाव आदराने घेतात. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला याचा आम्हा कोल्हापूरकरांना आजही अभिमान वाटतो. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला कुणी असा खुराक दिला, तर ते पाप होतं. संघाच्या अशा हौशी, पैसेवाल्या पाठीराख्याला इथे ‘बूस्टर’ म्हणतात. त्याने विद्यापीठाला स्टेडियमसाठी कोट्यवधी डॉलर द्यावेत, त्याच्या नावाची पाटी लागेल. पण त्याच स्टेडियममध्ये हाडं मोडून घेणाऱ्या पोराला त्याने विमानाचं तिकीट काढून दिलं, तर ते पोरगं अपात्र. एनसीएए या नियामक संघटनेचं म्हणणं असं की हा विद्यार्थी आहे, हौशी खेळाडू आहे. फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं शिष्यवृत्तीत मिळतात, त्यापुढे इतर विद्यार्थ्यांना मिळत नाही असं काहीही त्याला मिळता कामा नये. प्रशिक्षकाचा पगार वर्षाला लाखो डॉलरचा आणि मुलाच्या घरी विजेचं बिल थकलेलं, असं चित्र असलं की पैसा वाट काढतोच. हात मिळवताना तळव्यात शंभराची नोट सरकवायची रीत इतकी जुनी आहे की तिला इथे वेगळं नावही आहे.

या व्यवस्थेतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण टेक्सासमधल्या डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा संघ देशातल्या पहिल्या काहींत होता. एरिक डिकरसन हा त्यांचा मोठा खेळाडू. १९७९ मध्ये, अजून शाळेत असताना, त्याच्याकडे सोनेरी रंगाची ट्रान्स ॲम गाडी आली, आणि ती कुणी घेऊन दिली यावर लोक पुढे कित्येक वर्षं वाद घालत होते. आजीने घेऊन दिली, असं तो सांगायचा. गाडी बघून शंका घेणारे तुम्ही पहिले नाही, हे त्यावरून लक्षात येईल. पण ते विद्यापीठ बुडालं ते गाडीमुळे नाही. १९८५ मध्ये त्यांना शिक्षा झाली, तीन वर्षांची देखरेख लागली, आणि तरीही खेळाडूंना आधी कबूल केलेले मासिक हप्ते चालू ठेवायचे असं आतल्या लोकांनी ठरवलं. एका बूस्टरच्या निधीतून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर गेले, महिन्याला कुणाला ५० तर कुणाला ७२५. हे विद्यापीठातल्या वरिष्ठांना ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख बिल क्लेमेंट्स टेक्सासचे गव्हर्नर झाले, आणि हप्ते चालू ठेवायला आपली संमती होती हे त्यांनी १९८७ च्या मार्चमध्ये कबूल केलं. त्याआधीच, २५ फेब्रुवारी १९८७ ला, एनसीएएने १९८७ चा अख्खा हंगाम रद्द केला होता. याला ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतःच सोडून दिला. त्यानंतर हंगामाअखेरच्या बोल सामन्यापर्यंत पोचायला त्यांना २००९ उजाडावं लागलं.

हाच कित्ता पुढे वेगवेगळ्या रूपांत गिरवला गेला. २००६ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाने आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू, संघाबाहेर काढला, कारण गाड्यांच्या एका दुकानात न केलेल्या कामाचा पगार तो घेत होता. हंगाम सुरू व्हायला जेमतेम महिना उरला होता, तरी काढला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूएससी) रेजी बुश या खेळाडूच्या आईवडिलांच्या घराचा खर्च एजंट होऊ पाहणाऱ्या माणसांनी केला होता. २०१० मध्ये विद्यापीठाला दोन वर्षं बोल सामन्यांची बंदी झाली, ३० शिष्यवृत्त्या गेल्या, आणि बुशने हाइझमन ट्रॉफी परत केली. ही ट्रॉफी म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती त्याला सन्मानाने परत देण्यात आली. त्याने केलेलं तेच होतं. आजूबाजूचं जग बदललं होतं.

बदल झाला तो न्यायालयांतून. २१ जून २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंना शिक्षणाशी निगडित लाभ देण्यावरच्या मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात, नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. दहा दिवसांत, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी वापरून कमावण्याची मुभा मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. जाहिरात करा, सह्या विका, लहान मुलांचं शिबिर घ्या, पैसे घ्या. मग बूस्टर मंडळींनी एकत्र येऊन ‘कलेक्टिव्ह’ काढले. आमच्याकडे मंडळाची वर्गणी काढतात तसंच, फक्त आकडे लाखांचे. २०२५ च्या जूनमध्ये, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि १ जुलैपासून विद्यापीठंसुद्धा खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याचा ट्रक आज पूर्णपणे कायदेशीर असण्याची शक्यता चांगलीच आहे. गावातल्या ट्रकविक्रेत्याने त्याला जाहिरातीच्या बदल्यात तो चालवायला दिला असेल. विद्यापीठाने दिलेल्या वाट्यातून त्याने हप्ता भरला असेल. २०२१ च्या निकालानंतर अभ्यासातल्या प्रगतीबद्दल वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत रक्कम देण्याचीही सोय झाली. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्याच्या खात्यात सत्राच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीतला राहण्याखाण्याचा भाग एकदम जमा होतो, गरीब घरच्या मुलाला सरकारी पेल ग्रँटही मिळते. वीस वर्षांच्या मुलाच्या हातात असे पैसे एकगठ्ठा आले की तो काय करतो? ट्रक घेतो. शहाणपणाचं नसेल, गुन्हा मात्र नाही.

आम्ही गाडीकडे कसं बघायचो ते सांगतो. दर हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूकडून एक फॉर्म भरून घ्यायचो: गाडी कोणती, नंबर काय, नोंदणी कुणाच्या नावावर, विमा कोण भरतं, हप्ता कुठल्या खात्यातून जातो. गाडीची किंमत आम्ही शेवटी बघायचो. एका मुलाच्या चकचकीत गाडीवरून अर्धं शहर कुजबुजत होतं, रेडिओवर लोक फोन करून बोलत होते. कर्जाचे कागद मागवले तर जामीनदार त्याची मावशी निघाली, शाळेत स्वयंपाकाचं काम करणारी, दर महिन्याला पगारातून हप्ता भरणारी. तिला फोन करून हे विचारताना मला लाज वाटली होती, ती अजून आठवते. उलट आमच्याकडे खरंच काही सापडलं ते एका जुनाट फ्लॅटमध्ये. चार मुलं राहायची, शेजारी ९०० डॉलर भाडं देत होते आणि ही मुलं २५० देत होती. कुणाच्याच डोळ्यांत येण्यासारखं काही नव्हतं. विजेचं बिल भलत्याच माणसाच्या नावावर येतं हे कळलं आणि धागा हाती लागला.

म्हणून मी तीन गोष्टी विचारायचो: पैसा कुणाचा, कशाच्या बदल्यात, आणि त्याची नोंद झाली का. आजच्या नियमात तिसरा प्रश्न सगळ्यात वजनदार झालाय. बाहेरच्या कुणाशीही ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार झाला तर खेळाडूने तो पाच कामकाजाच्या दिवसांत ‘एनआयएल गो’ या व्यवस्थेत नोंदवायचा असतो. देणारा बूस्टर किंवा विद्यापीठाशी जोडलेली संस्था असेल तर पुढे तपासतात की खरंच काही धंद्याचं काम आहे का, आणि रक्कम त्या कामाला शोभणारी आहे का. एका जाहिरातीच्या फोटोला वाजवी दर मिळाला तर ठीक. काहीच न करता दर महिन्याला रक्कम मिळत असेल तर ते जुनंच औषध नव्या बाटलीत.

आता पाकिटाकडे येतो. तुमच्या सगळ्या मजकुरात मला खटकलेली गोष्ट तीच आहे. कायदेशीर एनआयएलचा पैसा बँकेतून येतो, त्यावर कर लागतो, करार असतो. अभ्यासिकेच्या दाराबाहेर पाकिटातून तो सहसा येत नाही. पण इथेही ‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. ते गृहस्थ त्याचे काका असू शकतात. त्याच्या चर्चमधले, तो दहा वर्षांचा असल्यापासून घरी येणारे असू शकतात. प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर पडण्याआधीपासूनचे खरे कौटुंबिक संबंध असतील तर नियम त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. पाकिटात सामन्याची तिकिटं असतील, किंवा आईचं पत्र. उलट तो एजंटचा माणूस असेल तर प्रकरण बूस्टरपेक्षा गंभीर. तुम्ही पाहिलं ते एवढंच: एका माणसाने एका मुलाला पाकीट दिलं. ‘पैसे दिले’ हे तुम्ही पाहिलेलं नाही. हा फरक तुम्हाला किरकोळ वाटेल, पण चौकशीत सगळं यावरच उभं राहतं.

आणखी एक शक्यता लोक विसरतात: मुलाला स्वतःलाच काही ठाऊक नसणं. मेम्फिसच्या अल्बर्ट मीन्स नावाच्या मुलाला अलाबामा विद्यापीठात खेळायला पाठवण्यासाठी एका बूस्टरने त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाला १,५०,००० डॉलर दिल्याचं प्रकरण फेडरल न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये त्या बूस्टरला दोषी ठरवलं गेलं. पैसा प्रशिक्षकाने खाल्ला, बदनामी मुलाच्या वाट्याला आली. २०१० मध्ये कॅम न्यूटन या खेळाडूच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडे पैसे मागितल्याचं निघालं. ऑबर्न विद्यापीठाने त्याला ३० नोव्हेंबरला अपात्र ठरवलं, १ डिसेंबरला तो पुन्हा पात्र झाला, कारण त्याला किंवा ऑबर्नला ते माहीत होतं याचा पुरावा मिळाला नाही. त्याच हंगामात त्याने हाइझमनही जिंकली आणि राष्ट्रीय विजेतेपदही. लोकांनी बोटं मोडली, पण पुराव्याशिवाय त्याहून वेगळा निर्णय कसा देणार, हे मला आजही कुणी पटवून दिलेलं नाही.

यातून मी शिकलो ते हे: पैशापेक्षा खोटेपणा जास्त महाग पडतो. २००९ मध्ये ओक्लाहोमा स्टेटचा डेझ ब्रायंट माजी खेळाडू डिऑन सँडर्सला भेटला. ती भेट मुळात नियमभंग नव्हती. पण चौकशी करणाऱ्यांना त्याने खरं सांगितलं नाही, आणि त्याचा उरलेला हंगाम गेला. ओहायो स्टेटमध्ये खेळाडूंनी आपली बक्षिसं आणि स्मृतिचिन्हं विकून टॅटू काढून घेतले. रकमा फार मोठ्या नव्हत्या. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हे ईमेलवरून कळलं होतं आणि त्यांनी ते दडवलं, म्हणून २०११ च्या मे महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं.

आता तुमच्याविषयी. इथे बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, विशेषतः तुमचा पगार कोण देतं यावर. क्रीडा विभागाकडून मिळत असेल, तर नियमांच्या दृष्टीने तुम्ही विद्यापीठाचे कर्मचारी आहात आणि नियमभंगाची माहिती असेल तर ती कळवणं तुमचं कर्तव्य ठरतं. कामावर घेताना तुम्ही एका फॉर्मवर सही केली असणार, तो काढून वाचा. गणित किंवा संख्याशास्त्र विभागाकडून मिळत असेल, तरी कळवणंच मी सुचवेन, फक्त बंधनाची धार थोडी कमी.

कळवायचं कसं? आज रात्री एका कागदावर तारीख, वेळ, जागा आणि डोळ्यांनी जे दिसलं तेवढं लिहा. ‘बूस्टर’, ‘लाच’, ‘पैसे’ हे शब्द त्यात नकोत. ट्रकबद्दल एक ओळ पुरे. मग कम्प्लायन्स ऑफिसात जाऊन तो कागद द्या, किंवा विद्यापीठाच्या निनावी तक्रार व्यवस्थेत टाका; बहुतेक ठिकाणी ती असते. प्रशिक्षकाकडे जाऊ नका. तुमच्या ट्यूटर समन्वयकाकडे गेलात तर त्यांनाही पुढे तेच करावं लागेल, मध्ये एक माणूस मात्र वाढेल. मुलाला विचारू नका, पार्किंगमध्ये ट्रकचे फोटो काढू नका, त्या गृहस्थांचा फेसबुकवर शोध घेऊ नका. चौकशी करायला लोक आहेत, आणि त्यांच्याही हातून घोटाळे होतात. मायामी विद्यापीठाच्या चौकशीत एनसीएएने स्वतःच भलत्या मार्गाने साक्षी मिळवल्या. संघटनेकडे कुणालाही समन्स काढून बोलवायचा अधिकार नाही, म्हणून एका दिवाळखोरी खटल्यातल्या वकिलाचा आडवाटेने वापर केला. २०१३ च्या जानेवारीत ते जाहीरपणे कबूल करावं लागलं आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याला जावं लागलं.

विद्यार्थ्याच्या अभ्यासाबद्दल, मार्कांबद्दल बाहेर अक्षर काढू नका, त्यावर वेगळा कायदा आहे. आणि स्वतःकडून त्याला काही देऊ नका. नॉर्थ कॅरोलायनात एका ट्यूटरने खेळाडूंचे पार्किंगचे दंड भरले, निबंधांत नको तेवढी मदत केली, आणि त्या प्रकरणात विद्यापीठाला २०१२ मध्ये शिक्षा झाली. माया वाटणं साहजिक आहे. तुम्ही शिकवता त्यांतली अर्धी मुलं घरापासून पहिल्यांदाच लांब आली असतील. तरी नको.

आपल्याकडचे पालक विचारतात म्हणून व्हिसाचंही सांगतो. तुमचा एफ-१ पूर्णवेळ शिक्षणावर टिकतो, या नोकरीवर नाही. तक्रार केल्याने तो जात नाही, आणि अशी नोकरी सुटली तरी दर्जा सुटत नाही. पण फीमाफी या कामाशी जोडलेली असेल तर पैशाचा प्रश्न खरा आहे, तेव्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आधी एक फेरी मारा. सूड उगवण्याविरुद्ध विद्यापीठांची धोरणं असतात. ती कागदावर चांगली दिसतात आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा पाळली जातात. नेहमी पाळली जातात असं म्हणणार नाही. जाताजाता: तो मुलगा स्वतःच परदेशी असेल, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातून आलेला पंटर (चेंडू लाथेने लांब मारणारा खेळाडू), आणि असे इथे बरेच असतात, तर गोष्ट वेगळी. त्याला एफ-१ वर बाहेर काम करून कमावता येत नाही, त्यामुळे एनआयएलचा सरळ करारसुद्धा त्याचा व्हिसा अडचणीत आणू शकतो. तसं असेल तर कागदावर तेही लिहा.

खरं सांगितल्याचं बक्षीस मिळतंच, असं आश्वासन मी देणार नाही. मिझुरी विद्यापीठात २०१६ मध्ये एका ट्यूटरने खेळाडूंची कामं आपण करून दिल्याचं स्वतःहून सांगितलं. विद्यापीठाने चौकशीत पूर्ण सहकार्य केलं, तरी २०१९ मध्ये हंगामाअखेरच्या सामन्यांची बंदी आली आणि अपिलातही कायम राहिली. त्या वेळी आमच्या क्षेत्रातले बरेच लोक म्हणाले, मग सांगायचं कशाला? मला तेव्हाही ते पटलं नाही. मिझुरीला बंदी झाली, पण लपवणाऱ्या सदर्न मेथडिस्टला तर संघच गमवावा लागला. आणि बघा, त्याच सदर्न मेथडिस्टच्या देणगीदारांनी २०२३ मध्ये एका आठवड्यात दहा कोटी डॉलर उघडपणे जमवले, संघ मोठ्या लीगमध्ये गेला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय प्लेऑफमध्ये खेळला. पैसा आजही वाहतोय, फक्त आता तो वहीत दिसतो.

तुमच्या कागदाचं पुढे काय झालं, ते बहुधा तुम्हाला कळणार नाही. गोपनीयतेमुळे ऑफिस सांगू शकत नाही, आणि ट्रक आठवड्याभरात गायब झाला किंवा वर्षभर तिथेच उभा राहिला, तरी त्यावरून काही ठरवता येणार नाही. सोमवारी तो मुलगा समोर बसला की रिग्रेशनचा धडा जिथे राहिला होता तिथून पुढे घ्या.